उठल्यावर अंधारी येते? आबा-आजींचं बीपी उभं करूनही मोजा

सकाळचे साडेसहा. आबा पलंगावरून उठले, तीन-चार पावलं टाकली आणि देवघराच्या चौकटीला धरून थांबले. सुनेनं आतनं विचारलं, "काय झालं आबा?" "काय न्हाई गं. जरा अंधारी आली." अंधारी गेली, पण आबा तिथंच उभे. कशाला उठलो होतो तेच त्यांना आठवेना. हातात तांब्या होता. तांब्याकडं बघत राहिले.

कोल्हापुरात मंगळवार पेठेत आमच्या शेजारच्या घरातली ही रोजची सकाळ होती. घरच्यांनी त्याची दोन कारणं ठरवून टाकली होती. अंधारी येते ती पित्तानं आणि विसरतात ते वयानं. दोन दवाखान्यांत बीपी तपासून झालं होतं. दोन्हीकडं खुर्चीत बसवून पट्टा बांधला, १३८/८० आलं, "बीपी छान आहे" म्हणून घरी पाठवलं.

मी वॉर्डात नर्स म्हणून ३१ वर्षं काढली. आता गल्लीत कुणाला शंका आली की मशीन घेऊन जाते. आबांना पाच मिनिटं आडवं केलं आणि मोजलं, १५२/८४. उभं केलं, मिनिटभरानं मोजलं, ११६/७०. वरचं बीपी ३६ नं खाली आलं होतं. आबा म्हणाले, "बघ, आत्ता आली अंधारी."

बसून घेतलेल्या बीपीवर हे कधीच दिसलं नसतं. हा लेख त्या उभ्या बीपीसाठी आहे. ज्यांच्या घरी साठी-सत्तरीपुढचं माणूस आहे आणि ज्यांनी हे आजवर कधी मोजलेलं नाही, त्यांच्यासाठी.

शरीरात काय होतं

आडवं असताना रक्त अंगभर सारखं पसरलेलं असतं. माणूस उभा राहिला की साधारण अर्धा लिटर, कधी त्याहूनही जास्त रक्त पोटात आणि पायांत उतरतं. हृदयाकडं परत येणारं रक्त तेवढं कमी होतं. मानेतल्या मोठ्या धमनीत आणि हृदयाजवळच्या महाधमनीत दाब ओळखणारे सूक्ष्म मज्जातंतू असतात. दाब उतरला की ते लगेच मेंदूला कळवतात, मेंदू हृदयाचे ठोके वाढवतो, पायांतल्या रक्तवाहिन्या आवळतो. तरुण माणसात हे काही सेकंदांत होतं, म्हणून आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

वयानं ही यंत्रणा मंदावते. जुना मधुमेह असेल तर त्या मज्जातंतूंनाच इजा झालेली असते. पार्किन्सनमध्येही (कंपवातात) तेच. त्यात अंगात पाणी कमी, रक्त कमी, चार-पाच गोळ्या चालू. मग दाब उतरतो आणि वेळेत चढत नाही. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असतो, पण प्राणवायू खातो एकूण पुरवठ्याच्या वीस टक्क्यांच्या आसपास. दाब उतरल्याचा चटका म्हणूनच त्याला आधी बसतो. डोळ्यांपुढं अंधार येतो, डोकं हलकं होतं, बोलणं तुटक होतं, पाय लटपटतात. काहींना फक्त मान आणि खांदे दुखतात, तेही उभं असतानाच. शर्टाचा हँगर जिथं टेकतो तेवढाच भाग दुखतो आणि आडवं झालं की थांबतो. अशा दुखण्याला मणक्याचं दुखणं समजून महिनोन्महिने मलम चोळलेलं मी पाहिलं आहे.

आणि काहींना काहीच होत नाही. अंधारी नाही, चक्कर नाही, तरी बीपी ३० नं उतरलेलं असतं. "मला काय होत न्हाई" या उत्तरावर मोजणं टाळू नका.

स्मरणशक्तीशी याचा काय संबंध

हे नीट समजून घ्या, कारण इथं लोक एक तर घाबरतात नाही तर हसण्यावारी नेतात.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात ६,२०४ लोकांचा अभ्यास झाला, तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचं बीपी उभं राहिल्यावर उतरत होतं त्यांच्यात पुढच्या वर्षांत स्मृतिभ्रंशाचं, म्हणजे डिमेन्शियाचं, प्रमाण सुमारे १५ टक्क्यांनी जास्त दिसलं. अमेरिकेत ११,७०९ मध्यमवयीन लोकांवर साधारण २५ वर्षं नजर ठेवली होती. तिथं हा फरक ५४ टक्के आला. याचा अर्थ शंभरातल्या ५४ जणांना डिमेन्शिया झाला असा कुणी काढू नये. ज्यांचं बीपी उतरत नव्हतं त्यांच्या तुलनेत धोका तितका वाढलेला होता, एवढंच.

धोका का वाढतो? एक शक्यता अशी की दिवसातून दहा वेळा उठताना दहा वेळा मेंदूचा पुरवठा क्षणभर तुटतो आणि वर्षानुवर्षं असं होत गेलं की बारीक रक्तवाहिन्यांच्या टोकाचा मेंदूचा भाग झिजतो. दुसरी शक्यता उलट दिशेची आहे. पार्किन्सन आणि लेवी बॉडी डिमेन्शिया (डिमेन्शियाचाच एक प्रकार) या आजारांत बीपी सांभाळणारे मज्जातंतू फार आधी बिघडतात. म्हणजे उतरणारं बीपी हे कारण नसून येणाऱ्या आजाराची आधी वाजलेली घंटा असतं. माझ्या मते दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या माणसांत खऱ्या असतात. उभं बीपी सुधारलं की डिमेन्शिया टळतो असं कुठल्याही चाचणीनं सिद्ध केलेलं नाही. कुणी तसं सांगून औषध विकत असेल तर घेऊ नका.

मग मोजायचं कशाला? एक तर पडणं टळतं. खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची बुद्धी किती भराभर उतरते हे मी वॉर्डात डोळ्यांनी पाहिलं आहे. दुसरं, उभं असतानाचा गोंधळ हा खरा विसराळूपणा नसूही शकतो. पार्किन्सनच्या रुग्णांची बुद्धीची चाचणी आडवं ठेवून आणि उभं करून, अशी दोन्ही प्रकारे घेतली गेली आहे. ज्यांचं बीपी उतरायचं त्यांचे गुण उभं असताना घसरले. आपण डॉक्टरांकडं जातो तेव्हा आबा खुर्चीत बसलेले असतात, छान उत्तरं देतात. घरी चौकटीपाशी उभे असतात तेव्हा गोंधळतात. डॉक्टर म्हणतात ठीक आहे, घरचे म्हणतात ठीक नाही, आणि दोघंही बरोबर असतात.

पहिली पायरी: मोजणं

दंडावर बांधायच्या पट्ट्याचं डिजिटल मशीन घ्या. मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. बारीक दंडाला मोठा पट्टा बांधला तर बीपी खोटं कमी येतं, जाड दंडाला लहान बांधला तर खोटं जास्त.

वेळ सकाळची ठेवा. उठायच्या आधी, चहाच्या आधी, बीपीच्या गोळीच्याही आधी. रात्रभरात लघवीवाटे पाणी गेलेलं असतं, म्हणून सकाळी बीपी सगळ्यांत जास्त उतरतं. फक्त लघवी तुंबलेली असेल तर आधी धरून नेऊन आणा, परत आडवं करा आणि मगच सुरू करा. त्या वेळी खोलीत दोघं हवेत. एकानं मशीन बघायचं, दुसऱ्यानं फक्त माणसाला बघायचं.

पाच मिनिटं पाठीवर आडवं झोपवा. गप्पा नकोत. पट्टा बांधा, मोजा, वरचं, खालचं आणि नाडीचे ठोके असे तिन्ही आकडे लिहा. पट्टा सोडू नका. आता उभं करा आणि घड्याळ बघा. उभं राहून एक मिनिट झालं की एकदा मोजा, तीन मिनिटं झाली की परत. उभं असताना हात खाली लोंबू देऊ नका. इथं सगळे चुकतात. हात लोंबत असला की बीपी खोटं जास्त येतं आणि उतरलेलं लपून जातं. हात छातीच्या उंचीला आडवा धरायचा, दुसऱ्यानं खालून आधार द्यायचा किंवा कपाटाच्या फळीवर टेकवायचा. मागं खुर्ची ठेवलेली असू द्या. अंधारी आली, चेहरा पांढरा पडला, बोलणं अडखळलं तर तीन मिनिटं पुरी करायचा हट्ट नको. लगेच बसवा, झोपवा आणि "एक मिनिटाला बसवावं लागलं" असं वहीत लिहा. डॉक्टरांना तेवढं पुरतं.

वरचं बीपी २० किंवा त्याहून जास्त, नाही तर खालचं १० किंवा त्याहून जास्त उतरलं, तर बीपी उतरतं असं धरायचं. आडवं असताना बीपी फार चढलेलं असेल, १६०-१७० वगैरे, तर वरचं ३० उतरल्यावर धरतात. एखाद्याला आडवं झोपवणं जमतच नसेल तर बसून आणि मग उभं राहून मोजा. तेव्हा वरचं १५ किंवा खालचं ७ उतरलं तरी डॉक्टरांना दाखवायचं.

आता नाडी बघा. बीपी उतरल्यावर नाडी भरपूर वाढली, तर शरीर धडपड करतंय. अशा वेळी पाणी कमी, रक्त कमी, जुलाब, एखादी गोळी अशी कारणं शोधावी लागतात. बीपी खूप उतरलं आणि नाडी जागची हललीच नाही, तर मज्जातंतूंचं काही आहे का हे बघावं लागतं. वरचं बीपी जेवढ्यानं उतरलं त्याच्या निम्म्यानंही ठोके वाढले नसतील तर डॉक्टर त्या दिशेनं विचार करतात. आबांचं बीपी ३६ नं उतरलं आणि नाडी ७२ वरून ७८ झाली. निम्मे म्हणजे १८ ठोके, वाढले फक्त ६. त्यांना १८ वर्षांचा मधुमेह आहे. (नाडी कमी वाढण्याचं एक साधं कारणही असतं. हृदयाच्या काही गोळ्या ठोके दाबून ठेवतात. त्या चालू असतील तर तसं वहीत लिहा. नाडी अनियमित असेल तर डिजिटल मशीन चुकतं, तेव्हा डॉक्टरांकडून हातानं मोजून घ्या.)

असं तीन दिवस करा. एका दिवसावर काही ठरवू नका. एखाद्या दिवशी दुपारच्या जेवणानंतर तासाभरानंही मोजा. म्हाताऱ्या माणसात जेवण झालं की रक्त पोटाकडं वळतं आणि पुढच्या दोन तासांत बीपी उतरतं. रविवारी तांबडा-पांढरा हाणून भात ओरपल्यावर आजोबांना गुंगी येते, ती दरवेळी झोपेचीच असते असं समजू नका.

दुसरी पायरी: गोळ्यांची पिशवी

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत भरा. सर्दीची, झोपेची, अंगदुखीची, वैद्यांची, शेजारणीनं दिलेली, सगळ्या. चिठ्ठी नेऊन भागत नाही, कारण चिठ्ठीत असलेली गोळी कित्येकदा घेतलेली नसते आणि घेतलेली गोळी चिठ्ठीत नसते.

बीपी उतरवणाऱ्या गोळ्यांत पुरुषांच्या बाबतीत पहिली शंका प्रोस्टेटच्या गोळीची घ्या, म्हणजे टॅमसुलोसिन आणि तिच्या भावंडांची. ती लघवीची वाट मोकळी करते आणि त्याबरोबर रक्तवाहिन्याही सैल करते. पायांची सूज उतरवणारी लघवीची गोळी, छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची गोळी, मज्जातंतूंच्या दुखण्यावर रात्री देतात ती अमिट्रिप्टिलिन, पार्किन्सनची लेवोडोपा, मानसिक आजारावरच्या काही गोळ्या, याही त्यातल्याच. यातल्या काही गोळ्या, खास करून अमिट्रिप्टिलिन, झोपेच्या गोळ्या आणि सर्दीच्या जुन्या पद्धतीच्या गोळ्या, वृद्धांच्या बुद्धीवरही झापड आणतात. अंधारी आणि विसराळूपणा दोन्ही एकाच गोळीनं, असं होऊ शकतं.

हात जोडून सांगते, हे वाचून बीपीची गोळी घरच्या घरी बंद करू नका. मी हे फार पाहिलं आहे. उभं राहून बीपी ११० आलं, मुलगा म्हणाला "गोळी जास्त होतेय", बंद केली, आणि तीन आठवड्यांत अर्धांगवायू. उभं राहिल्यावर उतरणारं बीपी आणि आडवं असताना चढलेलं बीपी एकाच माणसात एकाच वेळी असतं, आबांचंच बघा. मध्यम वयापासून चढलेलं बीपी हा डिमेन्शियाचा ओळखलेला धोका आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं २०२४ साली टाळता येण्याजोग्या १४ धोक्यांची यादी दिली, त्यात ते आहे. अमेरिकेतल्या स्प्रिंट नावाच्या मोठ्या चाचणीत वरचं बीपी १२० च्या खाली आणायचं ठरवलेल्या गटात सौम्य बुद्धिऱ्हास कमी आढळला आणि उभं राहिल्यावर बीपी उतरण्याचं प्रमाण काही वाढलेलं दिसलं नाही. गोळी बदलायची, वेळ बदलायची, का डोस कमी करायचा हे डॉक्टरांनी तुमच्या वहीतले आकडे बघून ठरवायचं.

तिसरी पायरी: डॉक्टरांकडं

फॅमिली डॉक्टर असोत, सीपीआरची, म्हणजे इथल्या सरकारी रुग्णालयाची, ओपीडी असो किंवा खासगी फिजिशियन, आत गेल्यावर पहिलंच वाक्य असं बोला: "उभं राहिल्यावर वरचं बीपी एवढ्यानं उतरतं, हे तीन दिवसांचे आकडे." "चक्कर येते" म्हणालात तर चकरेची गोळी मिळेल. आकडे पुढं ठेवलेत तर ते पट्टा काढून स्वतः मोजतील. बसवूनच मोजायला लागले तर नम्रपणे सांगा, "डॉक्टर, एकदा उभं करून बघता का?" यात कुणाचा अपमान होत नाही. गर्दीच्या ओपीडीत पाच मिनिटं आडवं ठेवायला जागा नसते, म्हणून ते राहून जातं.

तपासण्या साध्याच असतात. हिमोग्लोबिन, साखर, किडनी, सोडियम-पोटॅशियम, थायरॉइड, बी-१२ आणि ईसीजी. बी-१२ मुद्दाम विचारा. शाकाहारी माणसात ते बऱ्याचदा कमी असतं, पण मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही कमी होतं. त्याच्या कमतरतेनं मज्जातंतू बिघडतात, बीपी उतरू शकतं आणि स्मरणशक्तीही मंदावते. एवढ्या स्वस्तात सुधारता येणारं कारण सापडलं तर सोडू नये.

विसराळूपणाचं सांगताना "विसरतात" एवढ्यावर थांबू नका. चष्मा कुठं ठेवला हे विसरणं वेगळं आणि रंकाळ्यावरून घरी यायचा रस्ता चुकणं वेगळं. तोच प्रश्न दहा मिनिटांत तिसऱ्यांदा येतो का? सकाळची गोळी दोनदा घेतली का? भाजीवाल्याला शंभर दिले, सुटे किती परत यायचे हे आता गोंधळतं का? हे दिवसभर सारखंच असतं, का उठल्यावर, जेवल्यावर, ऊन लागल्यावर जास्त? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फक्त घरचाच माणूस देऊ शकतो.

आणि या चारांतली कुठलीही गोष्ट असेल तर न विचारताही सांगा. झोपेत हातपाय झाडणं, ओरडणं. नसलेली माणसं किंवा मुलं घरात दिसणं. जुनाट बद्धकोष्ठ, वास न येणं. एक दिवस चलाख, दुसऱ्या दिवशी सुन्न. उतरणाऱ्या बीपीबरोबर हे असलं तर लेवी बॉडी किंवा पार्किन्सनची शंका घेऊन मेंदूच्या डॉक्टरांना दाखवावं लागतं. लेवी बॉडीच्या माणसाला भास होतात म्हणून हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर तो एकदम ताठरून अंथरुणाला खिळू शकतो. म्हणून भास होणाऱ्या वृद्धाला दुकानातून मागून आणलेलं "शांत करायचं" औषध कधीही देऊ नका.

चौथी पायरी: उठण्याची सवय

औषधाआधी हे करायचं आणि औषध सुरू झालं तरी हे चालू ठेवायचं.

जाग आली की पडल्या पडल्या पावलं वरखाली वीस वेळा. मग उशाशी ठेवलेलं पाणी, दोन मोठे पेले, म्हणजे अर्ध्या लिटरच्या आसपास, घोट घोट न रेंगाळता प्यायचं. साधं पाणी असं पटकन प्यायलं की पाच-दहा मिनिटांत बीपी चढतं. ज्यांचे बीपी सांभाळणारे मज्जातंतू कमकुवत आहेत त्यांच्यात तर चांगलंच. (हृदय किंवा किडनीच्या आजारानं पाणी मोजून सांगितलेलं असेल तर आधी विचारा.) मग पलंगाच्या कडेला पाय सोडून दोन मिनिटं बसायचं. पाय जमिनीला टेकलेले हवेत. उभं राहताना काहीतरी धरून, आणि उभं राहिल्यावर पहिलं पाऊल टाकण्याआधी मनात दहापर्यंत आकडे.

उभं असताना गरगरायला लागलं तर एक पाय दुसऱ्यावर तिढा घालून मांड्या आणि ढुंगण घट्ट आवळायचं, मुठी वळायच्या. पोटरीचे स्नायू आवळले की पायातलं रक्त वर ढकललं जातं. आमच्या आबांना हे सांगायलाच लागलं नाही. तरुणपणी तालमीत जोर-बैठका मारलेला गडी, "पोटरी आवळा" म्हटल्याबरोबर आवळली आणि म्हणाले, "हे आधी सांगायचं न्हाईस का!" तोल जात असेल तर मात्र पायांना तिढा नको, खाली बसणंच बरं.

आपल्या घरांतला सगळ्यांत मोठा धोका उकिडवं बसण्यात आहे. देशी संडासात उकिडवं बसून उठताना पाय मोकळे होतात, रक्त झपकन खाली उतरतं. त्यात कुंथणं, आतून कडी लावलेली, ओली फरशी. कमोड खुर्ची आणा, भिंतीला धरायला दांडी बसवा, आतून कडी लावायची नाही असा घरात नियम करा. आजींना यात लाज वाटते. दाराला बाहेरून ओढणी अडकवायची खूण ठरवा, म्हणजे आत कुणी आहे हे कळतं. आंघोळीला बंबाचं कढत पाणी घेऊ नका. कढत पाण्यानं रक्तवाहिन्या सैल होतात. स्टुलावर बसून आंघोळ, अंग पुसून, कपडेही बसूनच घालायचे. मांडी घालून पाटावर जेवायची सवय असेल तर उठताना कुणीतरी हात द्यायचा. रात्री लघवीला पुरुषांनीही बसून जायचं किंवा पलंगाशेजारी भांडं ठेवायचं.

पोटाला बांधायचा रुंद पट्टा मेडिकलमध्ये मिळतो. पायमोज्यांपेक्षा तो जास्त उपयोगी पडतो असा माझा अनुभव, कारण पोटात साठणारं रक्त पायांतल्यापेक्षा जास्त असतं आणि ते घट्ट लांब मोजे म्हाताऱ्या बोटांनी चढवणं होत नाही. सकाळी उठण्याआधी बांधायचा, आडवं होताना सोडायचा. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे घालून ती बाजू पाच-सहा इंच उंच करा. नुसत्या उश्या रचून भागत नाही, त्यानं मान तेवढी वाकते. पलंग तिरपा असला की रात्री आडवं असतानाचं बीपी फार चढत नाही, लघवीवाटे पाणी कमी जातं आणि सकाळी अंधारी कमी येते.

मिठाचं जरा अवघड आहे. काहींना डॉक्टर मीठ वाढवायला सांगतात, ते ज्यांचं आडवं बीपी चढत नाही आणि हृदय-किडनी ठीक आहे अशांनाच. आपल्याकडं खरडा, लोणचं, पापड यांतून मीठ आधीच भरपूर जातं. आपल्या मनानं वाढवू नका. जेवण मात्र तीनदा भरपेट घेण्यापेक्षा पाच-सहा वेळा थोडं थोडं घ्या, भात-भाकरीचा ढीग कमी करा.

एवढं करूनही भागलं नाही तर औषधं आहेत, मिडोड्रिन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन. ती डॉक्टरच सुरू करतील. मिडोड्रिन घेतल्यावर आडवं होऊ नये, म्हणून शेवटची गोळी झोपायच्या चार तास आधी. हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या, नाही तर "आबा, गोळी राहिली" म्हणून प्रेमानं झोपताना दिली जाते.

पडलेच तर

शुद्ध हरपली तर जिथं आहेत तिथं आडवं करा, पाय उचलून धरा. दोघांनी काखेत धरून उभं करायचं किंवा खुर्चीत कोंबायचं नाही, त्यानं मेंदूचा पुरवठा आणखी तुटतो. तोंडात पाणी ओतू नका. कांदा, चप्पल काही नाकाला लावू नका. मिनिटभरात बहुतेक जण शुद्धीवर येतात. छातीत दुखतंय, एक बाजू लुळी, बोलणं वाकडं, शौच काळं, डोक्याला मार, यातलं काही असेल तर १०८ ला फोन. रक्त पातळ करायची गोळी चालू असताना डोक्याला मार लागला असेल, तर माणूस चांगला बोलत असला तरी दवाखान्यात न्या.

सणवार आणि ऊन

नवरात्रात उपवास करून अंबाबाईच्या रांगेत तासन्‌तास उभं राहणाऱ्या आजी, चैत्रात भर उन्हात जोतिबाचा डोंगर चढणारे आजोबा, यांना थांबवायचं नाही. जाण्याआधी पाणी प्यायला लावायचं, रांगेत घडीचं स्टूल द्यायचं, उभ्या उभ्या टाचा वर-खाली करायला सांगायचं आणि साष्टांग नमस्कार घालून उठताना एकदम उठू द्यायचं नाही. निर्जळी उपवास आणि लघवीची गोळी एकाच दिवशी चालणार नाही. एकादशीच्या आदल्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारून घ्या. साखरेच्या गोळ्यांचंही तेच.

आबांची प्रोस्टेटची गोळी डॉक्टरांनी बदलली. बी-१२ फार कमी निघालं, त्याची इंजेक्शनं झाली. पाणी, पोटाचा पट्टा, ठोकळे सगळं चालू आहे. दीड महिन्यानं मोजलं तेव्हा बीपी ३६ ऐवजी १८ नं उतरलं. नातवांची नावं ते अजूनही उलटीपालटी करतात आणि त्यासाठी मेंदूच्या डॉक्टरांकडं वर्षातून दोनदा नेतात. पण चौकटीपाशी तांब्या घेऊन थांबणं संपलं.

गोळी बदलली की पंधरा दिवसांनी, जुलाब-ताप होऊन गेला की लगेच, आणि मार्च संपता संपता ऊन तापायला लागलं की एकदा, असं उभं बीपी पुन्हा मोजा. वही तीच ठेवा, तारीख घाला. पट्टा डाव्या दंडाला बांधला का उजव्या ते पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि दरवेळी त्याच दंडाला बांधा.